तिसऱ्या दिवशीचा शीण

पिंपळवाडात कोणाकडे लग्न निघालं की नवरीची आई तिथी काढायला जाण्याआधी भिकुबाईच्या दारात यायची. "त्या दिवशी तू मोकळी शेस ना वं?" एवढं विचारून मगच ब्राह्मणाकडे जायची. चाळीसगाव तालुक्यातल्या, जामद्याच्या पाटाखालच्या त्या गावात मांडे करणाऱ्या बाया दहाबारा तरी होत्या. पण भिकुबाईसारखा मांडा कोणाच्या हाताला नव्हता.

मांडा म्हणजे खापरावरची पुरणाची पोळी. तिला पोळपाट नाही, लाटणं नाही. ओलवलेल्या गव्हाचं वस्त्रगाळ पीठ तेलापाण्यात असं तिंबायचं की ओढलं तर तुटू नये, नुसतं लांबत जावं. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत वाढवत न्यायचा, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. मग धडधडत्या चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. भिकुबाईचा मांडा इतका पातळ की त्यातून पलीकडचा जाळ दिसावा, आणि फाटायचा मात्र नाही. तांबडं फुटल्यापासून दुपारपर्यंत ती दीडशे मांडे उतरवायची, वर मांडवातल्या बायांची थट्टा करायची, आणि घरी जाताना बांधावरून गवताचा भारा घेऊन जायची. थकणं म्हणजे तिला ठाऊक होतं ते एवढंच, की संध्याकाळी पाय दुखतात आणि सकाळी दुखत नाहीत.

घरात नवरा झुलाल, सासू तानुअक्का आणि नऊ वर्षांची मुलगी पुष्पा. कोरडवाहू कापूस, पाटाच्या पाण्यावर थोडा गहू, दोन बैल, एक म्हैस. झुलाल अबोल माणूस. तानुअक्का त्याच्या वाटणीचंही बोलायची.

एकोणीसशे शहाऐंशीची दिवाळी झाली, कापसाची वेचणी ऐन भरात आली, आणि भिकुबाईला ताप चढला. त्या साली निम्मं गाव तापाने पडलं होतं. बाकीची माणसं आठ-दहा दिवसांत उठून कामाला लागली. भिकुबाईचा ताप सतरा दिवस हटला नाही. हटला तेव्हा तोंडाला चव आली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, केस गळायचे थांबले. आता महिनाभरात पहिल्यासारखी होईल असं सगळे म्हणाले. तिलाही तसंच वाटत होतं.

महिन्याने ती वेचणीला गेली. तीन ओळी वेचल्या, ओटी भरभरून कापूस ढिगावर टाकला, संध्याकाळी हसत घरी आली. दुसऱ्या दिवशीही ठीक होती, शेणगोठा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला गोधडीवरून मान उचलता येईना. हातपाय कोणीतरी ओल्या वाळूने भरून ठेवल्यासारखे. दारातून येणारा उजेड डोळ्यांत टोचत होता. पुष्पा काहीतरी विचारत होती, आणि ते शब्द कानावर पडूनही आत उतरत नव्हते. पाच दिवस ती तशीच पडून राहिली. सहाव्या दिवशी उठली, चार दिवस बरी गेली, वाटलं झालं एकदाचं, म्हणून एका दिवशी सगळे कपडे घेऊन पाटावर धुवायला गेली. पुन्हा तिसऱ्या दिवशी तेच.

झोपेचा तर वेगळाच प्रकार. आठ आठ तास झोपायची आणि रात्रभर मोट ओढल्यासारखी उठायची. तिखटमिठाचा डबा हातात घेऊन उभी राहायची आणि तो कशाला उघडला हेच आठवायचं नाही.

"माणूस झोपीसन थकस का कधी?" तानुअक्का विचारायची. सुरुवातीला हा प्रश्न काळजीचा होता. वर्षभरात त्याचा सूर बदलला.

उपाय काही कमी झाले नाहीत. चाळीसगावच्या डॉक्टरने सलाईनच्या बाटल्या लावल्या, लाल औषध दिलं. शेजारच्या गावच्या भगताने दंडाला काळा दोरा बांधला. कोणी म्हणालं रक्त कमी आहे, तर झुलालने बीट, गूळ, खजूर आणून घातले. शेवटी तो तिला जळगावला घेऊन गेला. मोठ्या दवाखान्यात रक्त काढलं, छातीचा फोटो काढला, दोन दिवस धर्मशाळेत राहिले. तिसऱ्या दिवशी झुलाल कागद हातात घेऊन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा कितीतरी महिन्यांनी मोकळा झालेला होता.

"काहीच नई," तो म्हणाला. "बठ्ठं चांगलं शे. डॉक्टर म्हणे, खा-पी, काम कर, मनावर घेऊ नको."

एसटी स्टँडवर त्याने तिच्यासाठी केळीचे वेफर्स घेतले. गाडी सुटली तशी भिकुबाईने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि ती रडायला लागली. झुलालला कळेना.

"वाईट निघतं तं बरं व्हतं का?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

 तिच्या मनात उत्तर तयार होतं, आणि त्या उत्तराची तिलाच भीती वाटली. वाईट निघालं असतं तर त्याला नाव असतं. नाव असतं तर सासूला सांगता आलं असतं, विहिरीवरच्या बायांना सांगता आलं असतं. आता हातात फक्त एक कोरा कागद होता, आणि अंगात तोच ओल्या वाळूचा भार.

कागद चांगला आला ही बातमी गावभर पसरली. त्यानंतर भिकुबाई पडून आहे म्हटलं की लोक नुसते एकमेकांकडे पाहायचे. एकदा ती पाणी भरायला गेली होती. चार दिवस बरे गेलेले, तोंडावर तेज होतं. तिची पाठ वळताच शेजारची धुरपदाबाई म्हणाली, "चेहरा तं कसा ताजातवाना शे देख. कामाची येळ उनी की पडस." भिकुबाईने ऐकलं. घागर घेऊन ती चालत राहिली. त्यात वाईट हे होतं, की रात्री तिला स्वतःलाही वाटलं, धुरपदाबाई म्हणते ते खरं तर नसेल? मीच तर चुकवत नसेन? मग दुसऱ्या दिवशी ती हट्टाने दुप्पट काम करायची. आणि पडायची. दोन-अडीच वर्षं हेच चाललं. दर वेळी उठायची तेव्हा आधीपेक्षा बोटभर खालीच उठायची.

या काळात लग्नांची बोलावणी बंद झाली नव्हती. ती जमेल तेव्हा जायची, वीस-पंचवीस मांडे करून परत यायची. मग तेही सुटलं. मांडवातून पिठाचे गोळे आपटल्याचा आवाज आला की ती घराचं दार लोटून घ्यायची. राग नव्हता तो. हात आपोआप हलायला लागायचे आणि त्यांना थांबवणं अवघड जायचं.

एकोणनव्वदच्या वैशाखात माहेरी लग्न निघालं. भिकुबाईचा भाऊ धनसिंग, त्याची थोरली मुलगी. माहेर धुळे तालुक्यातलं चिंचखेडं, शिरूड स्टेशनापासून कोसभर आत. चाळीसगाव-धुळे पॅसेंजरमध्ये बसलं की दीड-दोन तासांचा रस्ता, सकाळी निघावं आणि दुपारची भाकरी माहेरी खावी एवढ्या अंतरावर. धनसिंग पत्रिका घेऊन आला तेव्हा म्हणाला, "अक्का, तू फक्त ये. काम करू नको." ती हो म्हणाली. पण ज्या भाचीला तिने मांडीवर खेळवलं तिच्या लग्नात दुसऱ्या बाईच्या हातचे मांडे होणार, हे तिच्या जिवाला लागून राहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मांडवाच्या मागे तीन चुली पेटल्या. भिकुबाई बाजेवर बसून पाहत होती. तिची आई मंजुळाबाई शेजारी डाळ निवडत होती. एक बाई खापराजवळ बसली आणि तिच्या हातावरचा पहिला मांडा मधोमध फाटला. दुसराही फाटला. भिकुबाई उठली.

"बस वं," आई म्हणाली.

"दोनच करस, माय."

तिने एक्केचाळीस केले. पहिल्या दोन-तीन मांड्यांत हात चाचपडले, मग त्यांना सगळं आठवलं. गोळा हातावर फिरायला लागला, वाढायला लागला, पिठाचा थंड मऊपणा कोपरापर्यंत पसरायला लागला. आजूबाजूला बाया गोळा झाल्या. कोणी गाणं धरलं. धनसिंग येऊन पाहून गेला आणि बहीण बरी झाली म्हणून त्याने डोळे पुसले. तिच्या आयुष्यातला तो शेवटचा मोठा घाणा, पण त्या क्षणी तिला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, परत आले मी.

लग्न लागलं, वऱ्हाड गेलं. मांड्यांपासून तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई चहा घेऊन उठवायला आली तर भिकुबाईला डोळे उघडता येत होते, बाकी काही नाही. कप ओठाला लावायला आईला धरावं लागलं. या वेळचं पडणं वेगळं होतं. पाच दिवस गेले, दहा गेले. परसाकडे न्यायला दोघी लागायच्या. कोणी मोठ्याने बोललं तरी अंगातून उरलीसुरली शक्ती निघून जायची. बावीस दिवस ती माहेरच्या ओसरीलगतच्या खोलीत पडून होती, आणि ती निजलेली असतानाच बाहेर भावजय शेजारणीला सांगत होती की एवढे मांडे केले तेव्हा काही झालं नाही हो.

तेविसाव्या दिवशी धनसिंगने जीप केली आणि तिला मागच्या बाकावर आडवी करून धुळ्याला नेलं. तिथे भदाणे नावाचे एक वयस्क डॉक्टर होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, घराच्याच पुढच्या खोलीत रोगी तपासणारे. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं नाही, आल्या आल्या कोचावर निजवलं. जळगावचे कागद पाहिले. रक्त, साखर, थायरॉईड, छाती, सगळं पुन्हा बघायला सांगितलं. त्यांचे निकाल आले तेव्हा ते समोर स्टूल घेऊन बसले. आजवर प्रत्येक डॉक्टरने तिला काय होतं ते विचारलं होतं. यांनी दुसरंच विचारलं.

"बाई, पडायच्या आधी काय केलं होतं?"

"काही नई. आराम."

"त्याच्या आधी, त्याच दिवशी?"

"वऱ्हाड वाटे लावलं."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

भिकुबाई थांबली. "मांडे."

"त्याच्या आधीचं पडणं आठवतं? तेव्हा?"

तिला आठवलं. पाटावरची धुणी. त्याआधी वेचणी. मध्ये एकदा घर सारवलं होतं. ती एकेक सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज हळू होत गेला. डॉक्टर मान हलवत होते.

"तापानंतर काही माणसांचं असं होतं," ते म्हणाले. "मी आजवर तीन-चार पाहिली असतील. एक तर पोलीस होता, चांगला पैलवान गडी. बाहेरच्या देशात यावर लिहिताहेत, पण त्यांचंही अजून एकमत नाही. मी तुम्हाला पक्कं नाव सांगू शकत नाही. औषधही नाही माझ्याकडे, खोटं कशाला सांगू. पण तुम्ही ढोंग करत नाही आहात, एवढं मी सांगतो. तुमचं अंग खोटं बोलत नाही."

भिकुबाई छताकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत गेलं आणि तिने ते पुसलं नाही.

"बरी होईल का ती?" धनसिंगने विचारलं.

"काही होतात. काही थोडी सुधारतात आणि तिथेच राहतात. कोण कुठे थांबेल मला माहीत नाही." मग ते तिच्याकडे वळले. "एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. तुम्ही दमल्यावर थांबता. तोवर उशीर झालेला असतो. दमायच्या आधी थांबा. अजून करू शकते असं वाटतं ना, तेव्हाच थांबायचं. आणि बरं वाटलेल्या दिवशी जास्त जपायचं."

"बठ्ठं काम पडेल ऱ्हाई," ती म्हणाली.

"राहू द्या. नाहीतर काम पण राहील आणि तुम्ही पण पडून राहाल."

जूनमध्ये झुलाल येऊन तिला जीपमधून घरी घेऊन गेला. डॉक्टरांचं बोलणं धनसिंगने त्याला दोनदा सांगितलं. झुलालने ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला आणि विहिरीवर गेला. बाप्या माणूस डोक्यावर चुंबळ ठेवून घागर आणतोय हे पाहून बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तो रोज जात राहिला. पंधरा दिवसांनी हसणं थांबलं, कारण रोज रोज कोण हसणार.

भिकुबाईला तिसरीपर्यंतचं लिहिता-वाचता येत होतं, पण लिहिणंही तिला थकवायचं. तिने चुलीतला कोळसा घेतला आणि निजायच्या जागेजवळ भिंतीवर खुणा करायला सुरुवात केली. कामाच्या दिवशी उभी रेघ, जास्त कामाच्या दिवशी दोन. पडली त्या दिवशी गोल. महिना भरला तेव्हा तिने झुलालला बोलावून भिंत दाखवली. दोन रेघांपासून तिसऱ्या जागी गोल बसलेला होता. एकदा नाही, चार वेळा. झुलालने उकिडवं बसून ते गोल बोटाने मोजले.

"माले वाटे, तू मनातून खचेल शेस," तो म्हणाला. "रिपोर्टमा काही नई, मंग काय शे, असं माले वाटे." मग तो उठून बाहेर गेला. माफी मागायची त्याची तीच रीत होती.

त्यानंतर तिने आपला दिवस नव्याने बसवायला घेतला. हे काही एका महिन्यात जमलं नाही, दोन-तीन वर्षं गेली. आंघोळ झाली की वेणी लगेच घालायची नाही, आधी आडवं व्हायचं, मग वेणी. भाकरी बसून थापायच्या, आणि चार झाल्या की उरलेल्या पुष्पाने टाकायच्या, पीठ शिल्लक दिसत असलं तरी. मोठ्या हंड्याऐवजी छोट्या लोट्याने पाणी घ्यायचं. देवळात गेलं तर त्या दिवशी कोणाकडे बसायला जायचं नाही. बोलण्यानेही शीण येतो हे तिला फार उशिरा कळलं. पाहुणे आले की ती अर्धा तास हसून बोलायची आणि मग उठून आत जायची. लोकांना ते उद्धटपणाचं वाटायचं. वाटू दिलं.

सगळ्यांत कठीण होते बरे दिवस. पडलेल्या दिवशी काही ठरवायचंच नसतं. पण हिवाळ्यातली एखादी सकाळ अशी यायची की अंग हलकं, डोकं स्वच्छ, समोर शेणाचा पो पडलेला, अंगण सारवायला हात शिवशिवताहेत. जुनी भिकुबाई आत जागी व्हायची आणि म्हणायची, चल, घे आवरून. त्या वेळी मुकाट खाली बसणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत कष्टाचं काम होतं. कधी कधी नाही जमायचं. मग भिंतीवर गोल यायचा. पण गोल कमी होत गेले. महिन्याला चार होते त्यांचे दोन झाले, मग एक. ती बरी झाली नाही. पहिल्या भिकुबाईच्या चौथाईएवढी राहिली, पण ती चौथाई रोज असायची, आणि रोज असण्यालाही मोल होतं.

तानुअक्का हे सगळं खाटेवरून पाहत होती. तिने एक दिवस, कोणाला न सांगता, सुनेच्या वाटणीचं भांड्यांचं टोपलं आपल्याकडे ओढून घेतलं. मग एकदा दुपारी धुरपदाबाई ओट्यावर बसायला आली. आत भिकुबाई आडवी होती. धुरपदाबाईने मानेनेच आत दाखवलं आणि म्हणाली, "सुनबाईनं चांगलं शे अक्का, राजाराणीसारखं."

तानुअक्काने हातातली सुपारी खाली ठेवली. "तिना कामचोरपना मी आठ वरीस धुंडा, धुरपदा," ती म्हणाली. "मन्हा घरमा ऱ्हाईसन, मन्हा डोयासनी. माले सापडना नई. तुले दारमा बठीसन कसा सापडना?"

भिकुबाईने आतून ऐकलं. ती कुशीवर वळली आणि त्या दुपारी तिला किती तरी दिवसांनी खरी झोप लागली.

पण एक गोष्ट दिवस कितीही नीट बसवला तरी त्यात बसत नव्हती. माहेर.

भाचीच्या लग्नानंतर जीपमधून उचलून आणल्यापासून ती चिंचखेड्याला गेली नव्हती. प्रवास म्हणजे गाडीत जागा मिळावी म्हणून चाळीसगावपर्यंत एसटी, मग फलाटावर उभं राहणं, गर्दी, धक्के, शिरूडपासून बैलगाडी. यातलं निम्मंही तिला पाडायला पुरेसं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जायच्या, झोके बांधले जायचे, आणि ती ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकींना गावात येताना पाहायची. जामद्याकडून पॅसेंजरची शिट्टी आली की तिच्या मनात स्टेशनं आपोआप सुरू व्हायची, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड. एवढंसं अंतर. समुद्रापलीकडे असतं तर जीव निवला असता.

मंजुळाबाई पहिली काही वर्षं स्वतः यायची. गाठोड्यात शेंगदाण्याची चटणी आणि बिबड्या, ज्वारीचे ते पापड, घेऊन, सत्तरीची बाई एकटी गाडीत बसून. चौऱ्याण्णवच्या पावसात ती अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर ती खाटेवरच. धनसिंग यायचा, निरोप सांगायचा. एकदा म्हणाला, "माय विचारस, भिकु कशी दिसस आते. मी सांगं, पहिलेसारखीच दिसस. ती म्हणे, मंग येत कसाले नई."

धनसिंग गेला. मग भिकुबाई झुलालला म्हणाली, "माले जानं शे."

"पडशी तू."

"पडसू," ती म्हणाली. "माहीत शे माले. पन जाईसन पडसू."

त्यांनी पंचाण्णवच्या माघात जायचं ठरवलं, ऊन नाही आणि गर्दी कमी असते तेव्हा. आधीचे आठ दिवस भिकुबाईने चुलीला हात लावला नाही. पहिल्या दिवशी फक्त चाळीसगावपर्यंत गेले आणि झुलालच्या वना नावाच्या मावसभावाकडे दोन रात्री राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर. झुलालने लवकर जाऊन लाकडी बाकावर गोधडी अंथरली आणि तिला निजवलं. डब्यात माणसं चढायला लागली. एक बाई म्हणाली, "चांगली धडधाकट दिसते, उठून बसायला काय झालं?"

झुलाल उभा होता. "आजारी शे," तो म्हणाला.

"काय आजार आहे?"

भिकुबाईने डोळे मिटले. हा प्रश्न आठ वर्षांचा होता.

"थकवा," झुलाल म्हणाला. "आराम करीसन न जानारा." आणि आपण उभे राहून त्याने तिच्या पायांपाशी बाकावर हात टेकवला, कोणी बसू नये म्हणून. ती बाई पुटपुटत पुढे गेली. शिरूडपर्यंत तो तसाच उभा राहिला.

धनसिंगने गाडीत कडबा पसरून ठेवला होता. घरी पोचल्यावर ती धरून धरून ओसरी चढली आणि आतल्या खोलीत गेली. मंजुळाबाई खाटेवर होती, एवढीशी झालेली. तिने लेकीला पायांपासून केसांपर्यंत पाहिलं.

"उनी का वं माय," ती म्हणाली.

भिकुबाई खाटेच्या कडेला बसली. इतक्या वर्षांत आईला काय काय सांगायचं तिने ठरवून ठेवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना. सवयीने तिचे डोळे खोलीभर फिरले. कोनाड्यात धूळ होती, आईची चादर मळली होती. ती उठायला लागली.

"कसाले उठस?" मंजुळाबाईने तिचं मनगट धरलं. तिच्या हातात जोर नव्हता, पण तिने सोडलं नाही. "आठे पड. मन्हापाशी."

"खाट मोडी जाई, माय."

"मोडू दे."

मग धनसिंगच्या बायकोने खाली जमिनीवर दोन गोधड्या अंथरल्या, आणि धनसिंग-झुलालने मिळून म्हातारीला उचलून खाली आणलं. मायलेकी शेजारी शेजारी आडव्या झाल्या. दुपार होती. बाहेर कोंबड्या कडब्यात खुडखुड करत होत्या. भिकुबाईला आठवेना की ती आईशेजारी शेवटची कधी निजली होती. तिच्या आठवणीत आई नेहमी उभी असायची, आणि तिला वाटलं, आईच्या आठवणीत मीही उभीच असेन.

"तुले काय व्हस, माले सांग," मंजुळाबाई म्हणाली. "डॉक्टरनं नको. तुन्हं सांग."

भिकुबाईने हळूहळू सांगितलं. ओल्या वाळूचं सांगितलं, तिसऱ्या दिवसाचं सांगितलं, कोळशाच्या रेघांचं सांगितलं. मध्ये दमली तेव्हा थांबली. आई घाई करत नव्हती.

"मांड्यांची याद येस का?" आईने विचारलं.

"रोज."

मंजुळाबाईने त्यावर धीर दिला नाही, होईल सगळं ठीक असंही म्हणाली नाही. फक्त लेकीचा हात घेऊन आपल्या पोटावर ठेवला, आणि दोघी तशाच निजल्या.

चार दिवस ती माहेरी राहिली. परतीच्या वाटेवर पुन्हा मावसभावाकडे मुक्काम. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती पडली, ठरल्याप्रमाणे, आणि अकरा दिवस पडून होती. पण या वेळी ती घाबरली नाही आणि स्वतःला दोष देत बसली नाही. पुष्पा डोक्याला तेल लावायला बसली तेव्हा म्हणाली, "आई, जायचं नव्हतं ना."

"जायचं होतं," भिकुबाई म्हणाली.

बाराव्या दिवशी ती उठून ओट्यावर आली. ऊन कोवळं होतं. तिने झुलालला विचारलं, पुढच्या माघापर्यंत किती महिने आहेत. त्याने बोटांवर मोजून अकरा सांगितले. ती भिंतीला टेकून बसली आणि आजच्या दिवसात भाकऱ्या करायच्या की न्हायचं, एवढंच ठरवू लागली.